माडीच्या सज्जाचा लाकडी कठडा दरवर्षी सैल होतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की देवगडजवळच्या घरी माडीच्या सज्जाचा जुना लाकडी कठडा हलतो, सुतार दरवर्षी खिळे ठोकून जातो आणि वर्षभरात तो पुन्हा सैल होतो. घरात लहान मुलं आहेत, म्हणून पहिली गोष्ट ही की आजच सज्जाच्या दाराला कुलूप लावा. हे काम नीट व्हायला हिवाळा यावा लागेल, तोवर त्या कठड्याला कुणी टेकता कामा नये.

आमचं घर राजापूर तालुक्यात आहे. आमच्याही कठड्याला आम्ही बरीच वर्षं खिळेच मारत होतो. खिळ्याने दुखणं जात नाही, उलट वाढतं. समुद्राच्या हवेत खिळा गंजतो, गंजून फुगतो, लाकडाला चीर पाडतो आणि त्या चिरेतून पाणी थेट गाभ्यात शिरतं.

कठडा नेमका कोणत्या महिन्यात हलतो, ते आधी बघा. लाकूड पावसात पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. त्यामुळे वैशाखात हलणारा कठडा आषाढात आपोआप घट्ट झाला, तर सांधा फक्त झिजलाय. पण भर पावसात, लाकूड पूर्ण फुगलेलं असतानाही खांब हलत असेल, तर आत कुसू, म्हणजे खांबाच्या खाचेत बसणारं आडव्या पट्टीचं टोक, कुजलंय असं धरून चाला. दाभण घेऊन सांध्याजवळ टोचून बघा. चांगल्या लाकडात ते जेमतेम टेकतं, कुजक्या लाकडात विनासायास आत जातं.

खराबी बहुतेक वेळा खालच्या आडव्या पट्टीत सापडेल. उभ्या गजांवरून ओघळलेलं पाणी त्या पट्टीतल्या खाचांत उतरतं आणि तिथेच मुरतं. गजाचं टोक त्यात उभं असतं आणि लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी ओढतं. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशीला तेवढं पुरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो खाली येतच नाही. म्हणून प्रत्येक खाचेच्या तळाला, खालच्या बाजूने, ६ मिलिमीटरचं आरपार भोक पाडून घ्या. या एका गोष्टीने आमच्या कठड्याचं आयुष्य वाढलं. वरची हातपट्टी सपाट असेल तर रंधा मारून तिला बाहेरच्या अंगाला थोडा उतार द्या. पागोळ्या नेमक्या तिच्यावर पडत असतील तर पन्हळ बसवल्याशिवाय बाकीच्या खर्चाला अर्थ नाही.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. खांबाच्या बुडाशी फट दिसली म्हणून मी ती सिमेंटने बुजवली. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच उरली नाही आणि दोन पावसाळ्यांत ऐनाच्या लाकडाचा खांब बुडातून गेला. लाकडाच्या बुडाला वारा लागलाच पाहिजे.

प्रत्यक्ष दुरुस्ती मार्गशीर्ष ते माघ या काळात करा. ओल्या लाकडावर रंग किंवा तेल लावणं म्हणजे पाणी आत कोंडणं. सांधा उघडून झिजलेल्या कुसवाला दोन्ही बाजूंनी सागाची पातळ चिप चिकटवायची, पाण्याला टिकणाऱ्या सरसानेच. मग आरपार लाकडी खुंटी मारायची. जुने सुतार कुसवातलं भोक खांबातल्या भोकापेक्षा अर्धा सूत (साधारण दीड मिलिमीटर) खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे पट्टीला मिळतं त्या बाजूला, सरकवतात, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जातो. तुमचा सुतार हे जाणणारा असेल तर त्याला सोडू नका. कुजलेला भाग असेल तर घट्ट लाकूड लागेपर्यंत कापून, तिरका काप घेऊन नवा तुकडा जोडावा लागतो. नवं लाकूड सागाचं घेताना फक्त गाभ्याचं घ्या. सागाचा बाहेरचा पांढरा भागही इतर लाकडासारखाच कुजतो. स्क्रू लागलेच तर ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. समुद्राजवळ ३०४ प्रतीवरसुद्धा गंजाचे डाग येतात.

वरून मी उकळलेलं जवसाचं तेल लावतो, पातळ दोन हात, आणि उघड्या टोकांना तिसरा. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात पसरून वाळवा. आमच्याकडे जुनी माणसं काजूच्या टरफलाचं तेल लावायची. वाळवी लागू नये म्हणून ते चांगलं, पण कातडी भाजते आणि हात लागणाऱ्या कठड्याला ते नकोच.

पुढे दरवर्षी मे महिन्यात एक हात तेल, खालच्या भोकांत तार घालून कचरा काढणं, आणि पावसाआधी पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधणं. झड थेट कठड्यावर आली नाही तर निम्मं काम तिथेच होतं.

सध्या पाऊस चालू आहे, तेव्हा एकेक खांब हलवून बघा आणि जो हलेल त्याला सुतळी बांधून ठेवा. मार्गशीर्षात लाकूड आकसलं की सगळेच खांब थोडे सैल वाटतील, आणि कुजका कोणता ते सुताराला त्या सुतळीवरूनच कळेल.