चुकलेली गाडी आणि बोगद्यांचा हिशेब

वाचकांचे प्रश्न

नाताळची सुट्टी संपली की या सदराकडे रेल्वेप्रवासाची पत्रे येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेक पत्रे एकट्याने नव्हे, तर जोडीने केलेल्या प्रवासाची असतात. या वेळी दोन पत्रे निवडली आहेत. पहिल्याचे उत्तर लहान आहे. दुसऱ्याचे लांबले, त्याला इलाज नव्हता.

प्रश्न : आमचा विवाह नुकताच झाला असून आम्ही फिरायला जाण्याचा बेत करीत आहोत. वातानुकूलित प्रथम वर्गात दोघांसाठी स्वतंत्र कूपे असतो असे ऐकले. आरक्षण करतानाच तो निवडता येतो का?
– एक नवदांपत्य, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही. त्या डब्यात चौघांच्या केबिन आणि दोघांचे कूपे असे दोन्ही प्रकार असतात. मात्र तिकीट काढताना केवळ वर्ग पक्का होतो आणि कोणाला कोठे जागा द्यायची, हे आरक्षणाचा तक्ता तयार करताना ठरते. दोघांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढावे, कूपेसाठी विनंती आधी करून ठेवावी आणि मिळेलच असे गृहीत धरू नये. चौघांच्या केबिनमध्ये समोर एखादे आजी-आजोबा आले, तर एकांत मिळणार नाही हे खरे; पण बेसनाचा लाडू मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

प्रश्न : माझे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. त्यांचे वय ६३, माझे ५८. नाताळच्या सुमारास आम्ही दोघे, भाचा, भाचेसून आणि त्यांची दोन मुले असे सहा जण सिमल्याला गेलो. सगळी आखणी ह्यांनी एकट्याने एका वहीत केली होती. नाशिकरोडहून गाडी अगदी वेळेवर सुटली. परंतु ग्वाल्हेरच्या पुढे धुके लागले आणि दिल्ली येईपर्यंत साडेपाच तास उशीर झाला. कालक्याची गाडी पकडण्यासाठी ह्यांनी मध्ये तीनच तास ठेवले होते. ती गाडी गेली, तिचे पैसे गेले आणि कालक्याहून सिमल्याला नेणारी छोटी गाडीही हुकली. त्यातच मला वरचा बर्थ मिळाला होता आणि माझे गुडघे दुखतात. रात्री दुसऱ्यांदा खाली उतरताना, "एवढी वही लिहिलीत, त्यात माझे गुडघे कुठे लिहिले नाहीत का?" असे मी सर्वांदेखत बोलून गेले. भाड्याच्या मोटारीने मध्यरात्री सिमल्याला पोचलो आणि पुढचे दोन दिवस आमच्यात अबोला होता. परतताना मात्र छोट्या गाडीत बोगद्यांच्या तोंडावरचे क्रमांक वाचता वाचता हे बोलू लागले आणि बरोगच्या फलाटावर उतरून माझ्यासाठी चहा घेऊन आले. आता ते म्हणतात की पुन्हा रेल्वेचे नाव काढायचे नाही, ओझरहून विमानाने जाऊ. मला रेल्वेनेच जायचे आहे. चूक कोणाची, आणि पुढे काय करावे?
ता. क. एकूण बोगदे १०३ आहेत असे हे म्हणतात. मी १०२ असे वाचले आहे.
– एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : धुक्याबद्दल आपल्या यजमानांना दोष देता येणार नाही, तीन तासांबद्दल मात्र द्यावा लागेल. डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेकडील मैदानी प्रदेशात दाट धुके पडते आणि चालकाला सिग्नल अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे हे सांगणारे, जीपीएसवर चालणारे उपकरण आता इंजिनात ठेवतात, तरीही वेग आवरावाच लागतो आणि एक गाडी रेंगाळली की तिच्या मागच्या सर्व गाड्या रेंगाळतात. मुंबईकडून येणाऱ्या गाडीने कसारा सोडले की नाही हे विचारून मगच पाहुण्यांना आणायला घरातून निघणारे आपण नाशिककर. सदतीस फुटांना एक फूट चढणाऱ्या त्या घाटात गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात आणि त्यात वेळ जातो, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आपल्या दारचा घाट हिशेबात धरणाऱ्या माणसाने दिल्लीचे धुकेही धरायला हवे होते.

पैशांविषयी एक सोय सांगतो, कारण ती असूनही पुष्कळ जण वापरीत नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून लागोपाठच्या दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील तंतोतंत सारखा असला आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मागता येते. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत हालचाल करावी लागते. भाडे परत मिळाले म्हणून पुढच्या गाडीत जागा मिळते असे मात्र नव्हे, आणि सुट्टीत जागेचीच खरी अडचण असते. म्हणून हिवाळ्यात दिल्लीला एक रात्र मुक्काम करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या काही गाड्या हजरत निजामुद्दीनला थांबतात, काही नवी दिल्लीला, आणि कालक्याची गाडी कोणत्या स्थानकावरून आहे हे वेगळेच पाहावे लागते. सामान आणि दुखरे गुडघे घेऊन ही धावपळ त्याच दिवशी कशाला करायची?

आता बर्थ. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, परंतु एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच तो लागू होतो. आपण सहा जणांचे तिकीट एकत्र काढले असेल, तर तो हक्क तेथेच गेला. पुढच्या वेळी आपल्या दोघांचे तिकीट निराळे काढावे. भाच्याचे कुटुंब शेजारच्या डब्यात असले म्हणून नाते तुटत नाही. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. नाताळसाठी जायचे असेल तर दिवाळीच्या आसपासच ही कामे उरकावी लागतात.

राहिला अबोला. वहीत आपले गुडघे नव्हते ही आपली तक्रार रास्त आहे, पण वही लिहिली जात असताना आपण ती मागून पाहिली होती का, हे पत्रात नाही. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर काम केलेल्या माणसाचा बेत सर्वांदेखत कोसळला आणि त्याच रात्री सर्वांदेखत बोलणेही खावे लागले. त्यांचा राग रेल्वेवर नसून त्या रात्रीवर असावा, असे मला वाटते. विमानाचा आग्रहही त्यातूनच आला असेल. धुके विमानतळावरही उतरते आणि विमानेही तितकीच खोळंबतात, हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. तेव्हा वाद घालण्याऐवजी पुढच्या प्रवासाची वही दोघांनी मिळून लिहावी. गाड्यांच्या वेळा त्यांनी लिहाव्यात. मुक्काम, बर्थ आणि मधली मोकळी वेळ आपण लिहावी.

ठिकाण मी सुचवावे असे असेल, तर पुन्हा सिमलाच, पण मार्च-एप्रिलमध्ये. ९६ किलोमीटरचा तो मार्ग १९०३ साली सुरू झाला आणि २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. कालका ६५६ मीटर उंचीवर, सिमला २,०७६ मीटरवर. तो चढ पाच-सहा तासांत हळूहळू अनुभवायचा असतो आणि आपण फक्त उतार पाहिला आहे. बरोगचा चहा जातानाही घ्यावा, या वेळी आपण उतरून आणावा.

बोगद्यांच्या बाबतीत दोघांचेही बरोबर आहे. सिमल्याजवळच्या शेवटच्या बोगद्यावर १०३ हा क्रमांक आहे, पण मधला एक आता उरलेला नाही, म्हणून गाडी जाते ती १०२ बोगद्यांतून. कोणता नाही, ते मुद्दामच सांगत नाही; चढताना एकाने क्रमांक वाचावेत आणि दुसऱ्याने वहीत टिपावेत.