जुनी शस्त्रक्रियेची हत्यारं घेतल्यावर पॉलिश करावीत का? आणि ‘1857 चा सेट’ खरा की खोटा, कसं ओळखायचं?

पॉलिश अजिबात करू नका. बफिंग नाही, पितांबरी नाही, लिंबू-मीठ नाही. विकणाऱ्याने आधीच चकचकीत करून ठेवलं असेल तर सरळ सोडून द्या.

तुम्ही लिहिलंय की सेट 1857 च्या लष्करी सर्जनचा म्हणून दाखवला आणि चिमट्यावर ‘डाउन ब्रदर्स, लंडन’ असा ठसा आहे. ती कंपनीच 1874 ची. कुठे ‘स्टेनलेस’ लिहिलेलं दिसलं तर आणखी अलीकडचं, कारण हॅरी ब्रियर्लीने शेफील्डला ते पोलाद काढलं 1913 मध्ये. मग मुठी बघा. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख 1867 चे. पुढे हत्यारं उकळायची पद्धत रुळली आणि उकळून लाकडी मूठ तडकते, सैल होते. म्हणून जाळीदार रेघा कोरलेली आबनुसाची, म्हणजे काळ्या जड लाकडाची, मूठ साधारण जुनी, अखंड धातूची त्यानंतरची. ठसा, मूठ, उडालेला निकेलचा मुलामा, यावरूनच वय कळतं. बफिंगच्या चाकाखाली नेमकं हेच जातं.

आमच्याच घरात गेलंय. माझे आजोबा एलसीपीएस (जुनी वैद्यकीय पदविका) झालेले डॉक्टर, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. त्यांच्यामागे एक लाकडी पेटी राहिली. त्यात प्रसूतीचा फोर्सेप्स (अडलेलं बाळ बाहेर काढायचा मोठा चिमटा), बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी, काचेच्या सिरिंज आणि सुया. भोक बुजू नये म्हणून प्रत्येक सुईत केसाएवढी तार ओवलेली. सुई बोथट झाली की कंपाउंडर दगडावर घासून टोक काढायचा, त्यामुळे एकाच डबीतल्या सुया लहानमोठ्या झालेल्या. फोर्सेप्सच्या दांड्यावर कानशीने पाडलेली एक खाच होती. आजी सांगायची, बाई अडली की सरकारी दवाखान्यातून आजोबांना बोलावणं यायचं. तिथली आणि आपली हत्यारं एकाच पातेल्यात उकळायची, मग आपलं ओळखू यावं म्हणून ती खाच.

आजोबांच्या जन्मशताब्दीला धाकट्या काकांनी हॉलमध्ये काचेचं कपाट केलं आणि पेटी परस्पर भांडी पॉलिश करणाऱ्याकडे दिली. परत आली ती आरशासारखी. खाच गेली, ठसा वाचता येईना, निकेल निघून खालचं पोलाद उघडं पडलं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याने गंज धरला. सुयांतल्या तारा उपसून फेकल्या होत्या. काका आजही म्हणतात, “वडिलांच्या वस्तू काय कळकट ठेवायच्या?” त्यांचं प्रेम मला कळतं, पण त्या कपाटात आता कोणत्याही डॉक्टरचा फोर्सेप्स आहे. आमच्या आजोबांचा राहिला नाही.

लाकडी नळी तेवढी वाचली, ती माझ्याकडे आहे. चुलतभावाने वॉर्निश मारायला मागितली होती, दिली नाही आणि देणारही नाही. तुम्हीही पेटी घरी आणायच्या आधी ठरवून टाका की तिला हात कोण लावणार. आणि पेटीसकट घ्या. चोर बाजारात काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, सेट फोडून एकेक नग विकतात. आतल्या मखमलीच्या खाचेत हत्यार नीट बसतं का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

लाल भुकटी सुटणारा गंज मात्र ठेवू नका, हलक्या मशीन ऑइलच्या फडक्याने टिपून घ्या. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. हस्तिदंती मुठीचं काही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री बंद आहे. शंभर वर्षांपुढची वस्तू परदेशातल्या भावाबहिणीला पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा, पुरावस्तू कायदा आडवा येतो. पाऱ्याचं बीपीचं यंत्र घेताना नळी गळकी नाही ना, ते दुकानातच तपासा.