आधी झोप, मग मैदान

लेकरा,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. उद्यापासून पहाटे 4 ला उठून 10 किलोमीटर पळणार, एकवेळच जेवणार आणि महिनाभरात पोट उतरवणार म्हणतोस. नको करूस. रात्री दीडला घेतलेले असले निर्णय आठवडाभर टिकत नाहीत, आणि मोडले की माणूस स्वतःवर चिडून दुप्पट खातो. मैदानावर किती पोट्ट्यांचं असं झालेलं पाहिलंय मी.

वर्षभरात तुझ्यावर काय काय येऊन पडलं ते आठव जरा. भरतीत थोडक्यात राहिलास, मागच्या दिवाळीत बाबूजींना लकवा झाला, बँकेचं कर्ज तुझ्या अंगावर आलं, बहिणीचं कॉलेज आहेच. आणि ज्या पायांना रोज पळायची सवय होती ते आता दिवसभर कृषी केंद्राच्या काउंटरमागे स्टुलावर लोंबकळतात. वजन वाढणार नाही तर काय होईल? ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहतं. त्यानं भूक वाढते, तीही गोडाधोडाची आणि तळलेल्याची, आणि चरबी पोटाभोवती जमायला लागते. त्यात झोप तुटली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. पारावर बसून "काय बे, लयच सुटला" म्हणणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांचं मनावर घेऊ नकोस.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: हा हंगाम जाईस्तोवर वजन घटवायच्या मागे लागू नकोस. आहे तिथे थांबव. घटवायचं काम घर जरा सावरलं की करू, तेव्हा मीच तुला मैदानावर पिटाळीन.

थांबवायचं ते आधी झोपेपासून. आता कापसाच्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, वेचणी सुरू आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचंय आणि तुमच्या फीडरवर लाइन रात्रीची. त्यात रानडुकरांसाठी जागली. रात्रभर ओलितावर उभा राहिलास त्या सकाळी पळायचं नाव काढायचं नाही, सरळ झोपायचं. चुलतभावाशी बोलून रात्री वाटून घे. एकानं सगळ्या रात्री काढायच्या हा कुठला शहाणपणा? आणि वावरातून आल्यावर अंथरुणात मोबाइलवर कापसाचे भाव बघत पडू नकोस. भाव काही रात्री वाढत नाही.

चालण्याचं तुला पटणार नाही, कारण तू धावणारा. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि झपाझप चालणं त्यात येतं. तुझं वावर घरापासून 2 किलोमीटर, म्हणजे 25 मिनिटं. आठवड्यातले सहा दिवस एका बाजूनं जरी पायी गेलास तरी 150 भरले. येताना भावाच्या गाडीवर ये. "शेतकऱ्याला कशाला व्यायाम" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे आजे बैलामागं चालायचे. आता बांधापर्यंत मोटारसायकल, निंदणाऐवजी तणनाशक, पाठीवर बॅटरीचा पंप. अंग दुखतं खरं, पण दमसास वाढत नाही. फवारणीच्या दिवशी मात्र चालणं, पळणं काही नको. घरी येऊन साबणानं अंघोळ कर, कपडे वेगळे धुवायला टाक आणि पडून राहा.

आठवड्यातून दोनदा दंड-बैठका काढ, जमतील तेवढ्या. पूर्वीच्या आकड्याशी बरोबरी नको. पोटाच्या कसरतींनी फक्त पोट उतरतं हे खोटं आहे, त्यात वेळ घालवू नकोस. तालुक्याच्या जिमची फी आणि पावडरचा डबा आत्ता परवडत नाही म्हणून हळहळतोस, तर एक सांगतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. ती शरीरं काही पावडरवर घडली नव्हती. शाळांनी उठाबशांची शिक्षा करून ठेवल्यापासून लोकांना घरच्या व्यायामाची लाज वाटायला लागली, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाण्याचं म्हणशील तर एकवेळ जेवण बंद. दुपारी उपाशी राहिलास की संध्याकाळी स्टँडवरच्या आलूबोंड्यासमोर तुझा निश्चय उभा राहणार नाही. डब्यात भाकरी, घट्ट वरण, भाजी ने. काउंटरखाली फुटाणे आणि फल्लीदाणे ठेव, पण मूठभरच. चहाचं बघ. प्रत्येक गिऱ्हाईक चहा सांगतं आणि तू नाही म्हणत नाहीस. सहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे 60 ग्रॅम साखर, 240 कॅलरी. एका भाकरीएवढं झालं ते, आणि भाकरीनं निदान पोट तरी भरतं. पहिले दोन घे, पुढचे बिनसाखरेचे सांग. चार दिवस लोक हसतील. आणि ताण आला की तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायची जी सवय लागली आहे ती माझ्यापासून लपलेली नाही. त्यावर समोरासमोर बोलू.

वजनकाट्यावर रोज चढू नकोस. टेप घे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून कंबर मोज, पंधरा दिवसांतून एकदा. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 ही मर्यादा धरतात. तुझी आज किती आहे ते मला कळव, दुसऱ्या कुणाला सांगायची गरज नाही. बाबूजींच्या गोळ्या आणायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जाशील तेव्हा स्वतःचाही बीपी, शुगर तपासून घे, आणि थायरॉईडचं डॉक्टरांना विचार. एवढ्या लवकर वजन वाढलं की ते बघून घेतलेलं बरं.

मेसेजच्या शेवटी "कधी कधी वाटतं सगळं सोडून द्यावं" असं लिहून पुढे हसण्याचं चित्र टाकलंस. मला ते हसू आलं नाही. असं वाटलं की रात्र असो, अपरात्र असो, मला फोन कर. मी नाही उचलला तर 14416 लाव. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेव.

रविवारी वेचणी आटोपली की ये. मायला सांग, जेवायला इकडेच आहेस.

तुझे
सर

ता.क. भरतीचे जुने बूट वापरू नकोस. तळ झिजलेत आणि आता अंगावर वजन जास्त आहे, गुडघे धरतील. नवे घेईस्तोवर पायवाटेनं चाल, डांबरी टाळ.