‘रिंगफोर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतल्या बरेन भागावरचा लेख मराठीत आणताना ‘रिंगफोर्ट’ला ‘गोल किल्ला’ म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत स्पष्ट आहे : किल्ला नको. किल्ला म्हटलं की बुरूज, शिबंदी, दारूकोठार डोळ्यांपुढे येतं. इथे तसलं काही नव्हतं. इसवी सन ६०० ते ९०० च्या सुमारास खात्यापित्या शेतकऱ्यांनी घराभोवती नि गुरांभोवती घातलेलं हे गोल कुंपण. आयर्लंडभर अशा सुमारे ४५,००० जागा आहेत. एवढे किल्ले लढवणार कोण?

तिथल्या लोकांचे शब्द नेमके आहेत. मातीचा बांध आणि खंदक असेल तर ‘राथ’, आतलं आवार ते ‘लिस’, दगडी गडगा असेल तर ‘कॅहर’ किंवा ‘कॅशल’. बरेन म्हणजे उघड्या चुनखडीचा माळ, बांध घालायला माती कुठली? म्हणून तिथे कॅहरच फार. त्यांतल्याच कॅहरकॉनेल या रिंगफोर्टचा तट चुना न वापरता नुसते दगड रचून केलेला आहे, सुमारे ३ मीटर जाड. वर्तुळाचा पसारा बेचाळीसेक मीटरचा. हा रिंगफोर्ट इतरांपेक्षा उशिराचा, आणि त्यातली वस्ती मध्ययुगाच्या अखेरपर्यंत टिकली.

कड्याच्या टोकावरचा तीन तटांचा कॅहरकमॉन पाहिला तर मात्र किल्लाच वाटेल. पण १९३४ साली हार्वर्डच्या ह्यू हेन्केन यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा जनावरांच्या हाडांत निघाली ती मुख्यतः गुरांची. त्या समाजात श्रीमंती गाईंवर मोजत. सुस्थितीतल्या स्वतंत्र शेतकऱ्याला ‘बोआरे’ म्हणत. यातला ‘बो’ म्हणजे गाय, आपल्या ‘गो’चा सख्खा भाऊ!

म्हणून मी ‘वाडा’ सुचवेन. मानकऱ्याचं घर तो वाडा, आणि गुरं कोंडतात तोही वाडाच. हे दोन्ही अर्थ इथे एकाच वेळी लागू पडतात. ‘गढी’ जवळची खरी, पण तिला पाटील-देशमुखांच्या बुरुजांचा वास आहे. पहिल्या उल्लेखात ‘गोल तटाचा वाडा, म्हणजे रिंगफोर्ट’ असं लिहा आणि पुढे सरळ राथ, कॅहर वापरा. नुसत्या ‘वाडा’ने चौसोपी वाड्याशी गल्लत होईल. लिसडूनवर्नासारखी गावांची नावं तशीच ठेवा.

रिंगफोर्टला लोक ‘फेअरी फोर्ट’ही म्हणतात; ते लेखात आलं तर ‘परीचा किल्ला’ करू नका. तिथल्या ‘फेअरी’ म्हणजे नाजूक पंखवाले जीव नव्हेत. जमिनीखाली राहणारी, डिवचलं तर वाईट करणारी ती मंडळी. आपल्या राखणदारासारखा त्यांचा धाक. त्या धाकानेच कित्येक राथांवर नांगर फिरला नाही.