रॅमजेट क्षेपणास्त्राचा पल्ला नक्की किती धरायचा?

प्रश्न : विमानातून विमानावर डागायच्या रॅमजेट क्षेपणास्त्राचा पल्ला कुणी १०० किमी सांगतं, कुणी २००. आपण स्वतः अंदाज कसा बांधायचा? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : रॅमजेट म्हणजे उडताना समोरून शिरणाऱ्या हवेत इंधन जाळणारं इंजिन. पल्ल्याचा आकडा कुठल्या उंचीवरचा आणि लक्ष्य समोरून येतंय की पळतंय, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

११ किमी उंचीवर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २९५ मीटर. क्षेपणास्त्राचा सरासरी वेग ९०० मीटर धरा. कमाल वेग धरणं ही नेहमीची चूक. समोरून मॅक ०.९ ने (ध्वनीच्या ०.९ पट), म्हणजे २६५ मीटरने, विमान येतंय. अंतर सेकंदाला ११६५ मीटरने घटतं, म्हणून १०० किमीवरून डागल्यास गाठ ८६ सेकंदांत पडते. क्षेपणास्त्र स्वतः उडालं ७७ किमीच! आता डागताक्षणीच समोरच्या वैमानिकाने पाठ फिरवली असं समजा (वळायचा वेळ सोडून देऊ). घट उरते ६३५ मीटर. त्याच ८६ सेकंदांत गाठायचं तर ५५ किमीच्या आतूनच डागायला हवं. डागणाऱ्या वैमानिकाच्या दृष्टीने खरा पल्ला हाच.

रॅमजेटचा फायदाही इथेच दिसतो. साध्या रॉकेट मोटरचं इंधन काही सेकंदांत जळून जातं, पुढे हवेचा रोध वेग खातो आणि शेवटी वळायला ताकद उरत नाही. शिवाय त्या इंधनाचं बरंचसं वजन ऑक्सिडायझरचंच (जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या घटकाचं) असतं. रॅमजेट ऑक्सिजन बाहेरून घेतं. युरोपचं मेटिओर क्षेपणास्त्र तर इंधनवायूचा प्रवाह कमीजास्त करून शेवटच्या पाठलागासाठी जोर राखून ठेवतं. भारतात डीआरडीओच्या एसएफडीआर या घन इंधनाच्या रॅमजेट प्रकल्पात हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर आपल्या पुण्याची एचईएमआरएल ही स्फोटकं व रॉकेट इंधनावर काम करणारी प्रयोगशाळा आहे. ८ एप्रिल २०२२ ला चांदीपूरला त्याची यशस्वी चाचणी झाली.

उंची विसरू नका. समुद्रसपाटीला हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर, ११ किमीवर ०.३६४. त्याच वेगाला रोध तिपटीहून जास्त, म्हणून खाली पल्ला ढोबळमानाने एक तृतीयांश धरा. फार वर गेलं तर हवा विरळ होऊन इंजिनाचा जोर पडतो. वळणाचीही अडचण आहे : समोरच्या हवेशी कोन जास्त झाला की इनलेटमध्ये (हवा आत घेणाऱ्या तोंडात) हवा नीट शिरत नाही, ज्वाला विझू शकते. म्हणून असं क्षेपणास्त्र विमानासारखं आधी कुशीवर कलतं, मग वळतं. आणि इंधन उरलं तरी बॅटरी संपली की उड्डाण संपलं, तेव्हा उड्डाणाचा वेळ ८६ ऐवजी समजा २०० सेकंद धरण्याआधी तेही तपासा.