‘परिभाषित’ नको, मग काय?

प्रश्न असा आहे: ‘जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाचा डेटा कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत येतो, त्यावर शाळेच्या प्रदर्शनासाठी फलक लिहितेय. सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंगला (एसडीएन) सॉफ्टवेअर-परिभाषित संजालन म्हटलं तर चालेल का?’

माझ्या मते नको. हा ‘परिभाषित’ हिंदीतून आलाय. तिकडे परिभाषा म्हणजे डेफिनिशन. आपण त्याला व्याख्या म्हणतो, आणि आपली परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्राची ठरलेली शब्दावली. भाषा संचालनालयाचे ‘परिभाषा कोश’ उघडून बघा, इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्द. (हिंदीत व्याख्या म्हणजे स्पष्टीकरण, त्यामुळे गोंधळ दुप्पट.)

पण ‘व्याख्यित’ करूनही भागत नाही, कारण इथे सॉफ्टवेअर कसलीच व्याख्या करत नाही. ते वाट ठरवतं. साध्या नेटवर्कमध्ये प्रत्येक राउटर (डेटा पुढे धाडणारं यंत्र) आपापलं ठरवतो, हे डेटाचं पाकीट पुढे कुणाकडे. जणू रेल्वेच्या प्रत्येक केबिनमधला सांधेवाला आपल्या हिशेबाने सांधा बदलतोय. मग प्रयोगाच्या हजारो अगडबंब फायली एकाच वाटेत कोंबल्या जातात आणि शेजारची वाट रिकामी राहते. एसडीएनमध्ये सांधेवाल्याने फक्त खटका ओढायचा. कुठला, ते कंट्रोलर नावाचं सॉफ्टवेअर सांगतं, कारण सगळा नकाशा त्याच्यासमोर असतो. मोठी फाइल निघाली की तिला वेगळी वाट, बाकीची किरकोळ वाहतूक नेहमीच्या वाटेने. कंट्रोलर आणि स्विच (म्हणजे वाटेवरची, खटका ओढणारी यंत्रं) ज्या बोलीत बोलतात तिचं गाजलेलं रूप म्हणजे स्टॅनफर्डहून २००८ साली पुढे आलेलं ओपनफ्लो.

‘सॉफ्टवेअर-आखीव’ मला क्षणभर आवडला होता. पण आखीव म्हटलं की पुढे रेखीव येतं, आणि ही वाट तर घडीघडी बदलणारी. उरला ‘सॉफ्टवेअर-नियंत्रित’. त्यातही खोट आहे: जुन्या राउटरमध्येसुद्धा सॉफ्टवेअरच असतं. तरी मी तोच घेईन, आणि खाली एक ओळ टाकेन: ‘वाट कुठली, हे प्रत्येक यंत्र आपापलं ठरवत नाही, एक मध्यवर्ती सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी ठरवतं.’

‘संजालन’ मात्र सोडाच. शाळेतली मुलंही ‘नेटवर्क नाहीये’ म्हणतात. जाळं लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त कुलाब्यात ते वाचून आधी कोळीवाडा आठवेल.