सणाच्या रंगांचे थर रचताना

सणाच्या रंगांतला हा घनतेचा प्रयोग तुम्ही मुलांबरोबर पहिल्यांदाच करणार आहात, म्हणून आधी एवढेच सांगते की घाई करू नका. उंच, अरुंद, पारदर्शक ग्लासात प्रथम मध ओता, तोही काठाला न लागता थेट मध्यभागी, कारण काचेवर राहिलेला ओघळ वरचे थर बिघडवतो. त्यावर भांड्यांचा द्रव साबण, मग रंगीत पाणी आणि शेवटी तेल. साबण आणि पाणी एकमेकांत सहज मिसळतात, त्यामुळे पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी बारीक धारेने सोडा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो.

तेल दाट असते, म्हणून ते खाली जाईल, असे मुले हमखास म्हणतात. लगेच उत्तर देऊ नका. भांड्याचे वजन वगळून प्रत्येक द्रव १०० मिलिलिटर मोजू द्या. पाणी सुमारे १०० ग्रॅम, तेल ९२, तर मध जवळजवळ १४० ग्रॅम भरतो, आणि दाटपणा वेगळा व घनता वेगळी, हे त्यांना स्वतःलाच उमगते.

शेवटी पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचा एक थेंब वरून सोडा. तेलात तो मण्यासारखा गोल राहून खाली उतरतो, पाण्याच्या सीमेवर थबकतो आणि मग फुटून पसरतो. त्या क्षणी तुम्ही काहीही बोलू नका, मुलांना नुसते पाहू द्या.